राहणाऱ्यांची पेठ, येणाऱ्यांची वाट

लोकसंख्या मोजण्याची आपली रीत सोयीची आहे. माणूस जेथे राहतो तेथे त्याची नोंद होते. तो दिवसभर कोठे राबतो, कोणत्या गावच्या रस्त्यावरून चालतो, कोणत्या नळाचे पाणी पितो, याचा त्या गावच्या लोकसंख्येच्या आकड्यावर काही परिणाम होत नाही. कोल्हापूरच्या शाहूपुरीचे दुखणे या सोयीतच दडलेले आहे. रात्री दहा वाजता शाहूपुरी ही मोजक्या गल्ल्यांची पेठ असते. सकाळी दहा वाजता ती अर्ध्या जिल्ह्याची पेठ झालेली असते. नगराचे हिशेब मात्र रात्रीच्या शाहूपुरीवर बेतलेले असतात आणि खर्च दिवसाच्या शाहूपुरीचा होत असतो.

ही पेठ आपोआप वाढलेली नाही. कोल्हापूर संस्थानाने मिरजेपर्यंत रेल्वे आणण्याचे काम 1888 मध्ये हाती घेतले आणि 1891 मध्ये गाड्या धावू लागल्या. त्यानंतर चारच वर्षांनी, 1895 मध्ये, राजर्षी शाहू महाराजांनी स्थानकाच्या शेजारी ही व्यापारी पेठ वसविली. त्यामागील अर्थशास्त्र सरळ होते. गुऱ्हाळातून निघालेले गुळाचे रवे गाडीने पेठेत यावेत, तेथे सौदे व्हावेत आणि माल रेल्वेने बाहेरच्या बाजारात जावा. खाली दुकान वा वखार आणि वर बिऱ्हाड, अशा रचनेत कामाची जागा व राहण्याची जागा यांत एका जिन्याचेच अंतर होते. पेठेतील कचऱ्याची, दिव्याची, चोरीची चिंता वाहणारा माणूस रात्रीही तेथेच असे.

पुढे गुळाचा बाजार मार्केट यार्डात गेला. कोल्हापूर सोडल्यावर लागणाऱ्या पहिल्या थांब्याचे ‘गूळ मार्केट’ हे नाव त्या स्थलांतराची साक्ष देते. शाहूपुरीच्या वाट्याला मग मालाऐवजी माणसांची ने-आण आली. 1971 मध्ये लोहमार्ग रुंद झाला. मध्यवर्ती बसस्थानक तर हाकेच्या अंतरावर. मिरज, जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी येथून पासधारक गाडीने येतात. ज्या गावांना रेल्वे नाही तेथील माणसे एसटीने अथवा वडापने येतात. त्यांत कारकून आहेत, शिक्षक आहेत, दुकानांतील नोकर आहेत, महाविद्यालयांत शिकणारी मुले-मुली आहेत. 2023 च्या मार्चमध्ये महिलांना एसटीच्या भाड्यात निम्मी सवलत मिळू लागली, तेव्हा अनेक घरांतील नोकरीचा हिशेब बदलला. जी नोकरी प्रवासखर्चामुळे परवडत नव्हती ती परवडू लागली.

यात इतिहासाची एक गंमतही आहे. जयसिंगपूर हेही शाहू महाराजांनी याच लोहमार्गावर आखून वसविलेले गाव. दोन्ही वस्त्या आपापल्या जागी राहून उद्योग करण्यासाठी जन्मल्या. आज एकीतील माणूस पहाटे उठून दुसरीत पोट भरावयास येतो आणि रात्री झोपण्यापुरता परत जातो.

हा माणूस रोज का धावतो, याचे उत्तर हौसेत नाही, जागेच्या किमतीत आहे. स्थानकाजवळच्या जागेला दुकान, लॉज, कार्यालय वा दवाखाना जे भाडे देऊ शकतो ते पगारदार कुटुंब देऊ शकत नाही. म्हणून तो दूर राहतो आणि भाड्यात वाचलेले पैसे वेळेच्या रूपाने फेडतो. घरापासून कामापर्यंत दीड तास जाण्याचा व दीड तास येण्याचा धरला, तर महिन्याच्या पंचवीस कामाच्या दिवसांत पंचाहत्तर तास होतात. आठ तासांच्या दिवसाने भागले तर हे नऊ दिवसांहून अधिक काम झाले, आणि त्याचे वेतन कोणी देत नाही. पासाची किंमत हा या प्रवासाचा सर्वांत लहान खर्च होय. मुलाच्या अभ्यासाला न मिळालेला तास, वाचनालयाकडे न वळलेली पावले, आजारी आईजवळ न बसता आलेली संध्याकाळ यांची पावती कोणत्याही खिडकीवर फाडली जात नाही.

परंतु येणाऱ्याचे हाल खरे म्हणून राहणाऱ्याचे हाल खोटे ठरत नाहीत. शाहूपुरीत राहणाऱ्याच्या दारात दिवसभर परक्याची दुचाकी उभी असते. पदपथावरून चालणे हे कौशल्याचे काम झाले आहे. जुन्या घराच्या जागी व्यापारी संकुल उभे राहिले की दिवसाची गर्दी वाढते आणि रात्रीचा एक दिवा कमी होतो. कंटाळलेले कुटुंब मग घर विकून पाचगाव, उचगाव किंवा कळंब्याकडे जाते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपली मोटारसायकल घेऊन त्याच गल्लीत कामाला येते. कालचा राहणारा आजचा येणारा होतो. गर्दीला कंटाळून गेलेला माणूसच गर्दीत भर घालतो. यात व्यक्तीचा दोष काढून उपयोग नाही. व्यवस्थाच त्याला तसे वागावयास लावते.

ही व्यवस्था हद्दीच्या प्रश्नाशी जोडलेली आहे. कोल्हापूरची नगरपालिका 1972 मध्ये महानगरपालिका झाली. पण पुढील पन्नास वर्षांत शहराची हद्द तसूभरही पुढे सरकली नाही. वस्ती पसरली, सीमा थिजली. हद्दवाढीला विरोध करणाऱ्या गावांचे म्हणणे समजण्यासारखे आहे. घरफाळा वाढेल, शेतजमिनीवर आरक्षणे पडतील, आणि सुविधा मात्र मिळतीलच असे नाही, ही त्यांची भीती निराधार म्हणता येणार नाही. तथापि रस्ते, बस, सांडपाणी ही हद्दीचा दगड पाहून थांबणारी गोष्ट नव्हे.

पूर्वी या विसंगतीवर जकातीचा एक ओबडधोबड उतारा होता. बाहेरून येणारा माणूस शहरात खरेदी करी, त्या मालावर जकात बसलेली असे आणि अशा रीतीने त्याचाही वाटा नगराच्या तिजोरीत पडे. जकात गेली; 2017 मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि पालिकांना राज्याकडून ठरावीक भरपाई मिळू लागली. जकातनाक्यावरच्या रांगा गेल्या हे चांगलेच झाले. परंतु दिवसाची गर्दी आणि पालिकेचे उत्पन्न यांना जोडणारा धागाही तुटला. आता दिव्याचा व झाडलोटीचा भार अधिकाधिक घरफाळ्यावर, म्हणजे राहणाऱ्यावर, पडतो.

राहणारा माणूस पेठेला का हवा, हे पुराच्या दिवसांत कळते. पंचगंगा फुगली की जयंती नाल्याचे पाणी मागे सरते आणि शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत शिरते. 2019 आणि 2021 या दोन्ही वर्षी हे घडले; गणेशोत्सवासाठी घडविलेल्या मूर्ती उचलून उंचावर नेण्याची धांदल उडाली. त्या दिवसांत शिरोलीजवळ महामार्गही पाण्याखाली होता, त्यामुळे येणारा येऊ शकत नव्हता. पाणी कोणत्या पायरीला लागले म्हणजे कोणाच्या घरातील म्हातारीला हलवावयाचे, हे ज्ञान राहणाऱ्याजवळ असते. ते कार्यालयाच्या फायलीत नसते आणि सहा वाजता कुलूप लावून जाणाऱ्या दुकानातही नसते. सर्व माणसे केवळ येणारी झाली, तर अशा रात्री हाक कोणाला मारावयाची?

म्हणून येणाऱ्याला अडविणे हा उपाय नव्हे. त्याला हिशेबात घेणे हा उपाय आहे. दिवसाची लोकसंख्या मोजून पदपथ, स्वच्छतागृहे, वाहनतळ यांची आखणी करावी आणि राज्याने पालिकेचे अनुदान ठरविताना तो आकडा विचारात घ्यावा. केएमटीच्या फेऱ्या रेल्वे व एसटीच्या वेळांशी जुळवाव्यात, म्हणजे स्थानकापासून पुढच्या टप्प्यासाठी दुचाकीची गरज उरणार नाही. नव्या व्यापारी इमारतींत वरचे मजले राहण्यासाठी राखले जातील, असे उत्तेजन घरफाळ्यातील सवलतीने देता येईल. यांतील एकही कल्पना नवी नाही. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड ही तर या पेठेची जन्मखूणच आहे.

1895 मध्ये आखणी करणाऱ्याने बाजाराबरोबर बिऱ्हाडाचाही विचार केला होता. आजच्या आखणीत बाजार तेवढा शिल्लक राहिला आहे. शाहूपुरीतून रोज जाणाऱ्या हजारोंना ती चांगली वाट हवी असेल, तर ती कोणाचे तरी चांगले घर राहिली पाहिजे. कारण वाटेची निगा अखेर वाटेवर राहणाराच राखतो.