एका पाण्यात तीन घाणे

पावसाळ्यात, नेमकी गरज असताना, आमच्या सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनचा ड्रायर फिरेनासा झाला. बटण फिरवलं की नुसती घूंऽऽ अशी घरघर. मोटर जळाली, आता हजार-दोन हजारांचा खड्डा, असं मी धरूनच चालले होते. आमच्या दुसरबीडमधल्याच मेकॅनिकनं मशीन भिंतीपासून ओढलं, मागचा पत्रा खोलला आणि बॅटरीच्या उजेडात बोट दाखवलं. "वहिनी, मोटर ठणठणीत आहे. ब्रेकची तार तुटलीय."

ड्रायरचं झाकण लावलं की ही तार ताणली जाते आणि ब्रेक सुटा धरते. झाकण उघडलं की तार सैल पडते, स्प्रिंग ब्रेक आवळते आणि मिनिटाला हजारावर फेरे घेणारं भांडं थांबतं. तारच तुटली तर ब्रेक आवळलेलाच राहतो. मोटर बिचारी जागच्या जागी कण्हत बसते. तार गंजून तुटली होती. त्यानं नवी ओवली, ताण बघितला, जाता जाता धुण्याकडचा पट्टाही अंगठ्यानं दाबून पाहिला.

मशीन उघडंच होतं म्हणून मीही वाकून पाहिलं. धुण्याच्या भांड्याखाली मोटर, पट्टा, गिअर. वर, भांड्याच्या तळाशी पंख्यासारखी चकती. काही सेकंद उजवीकडे, जरा थांबा, मग डावीकडे. एकाच दिशेनं फिरली तर साड्यांचा दोरखंडच व्हायचा. ही ढवळायची युक्ती जुनीच. जर्मनीत रेगेन्सबुर्गच्या याकोब शेफर या पाद्र्यानं १७६७ साली मांडलेलं यंत्र म्हणजे लाकडी पिंप आणि आतलं धुणं ढवळायची दांडी. पुढे वीज आली, १९३७ मध्ये अमेरिकेत बेंडिक्सचं सगळं आपोआप करणारं मशीन आलं. पण कपडे घुसळणं काही सुटलं नाही. माझ्या मते खरा उपकार ड्रायरचा. सासूबाईंचं माहेर राहेरीचं, खडकपूर्णा नदीच्या काठचं. धोपाटणं चालवायचं त्यांना काही वाटायचं नाही. ओली गोधडी पिळायला मात्र दोघी लागायच्या.

"फुल ऑटोमॅटिक का घेत नाही?" असं पुण्याची नणंद दर दिवाळीला विचारते. ते मशीन प्रत्येक धुण्याचं साबणाचं पाणी गटारात सोडून देतं, म्हणून. आमच्याकडे एका पाण्यात तीन घाणे निघतात: आधी पांढरे, मग रंगीत, शेवटी शेतातले, काळ्या मातीनं माखलेले. उरलेल्या पाण्यानं मोरी घासायची. एप्रिल-मेमध्ये टाकीचा तळ दिसायला लागला की हा हिशेब कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

बोअरचं पाणी जड, साबणाला फेस येत नाही, कपड्यांवर चिकट चोथा बसतो. त्यावर धुण्याचा सोडा चिमूटभर. हा सोडा आमच्या बुलढाणा जिल्ह्याला नवा नाही. लोणारच्या सरोवरातल्या खारात तो असतो, आणि तिथल्या मालापासून साबण होत असल्याची नोंद सोळाव्या शतकातल्या 'आइन-ए-अकबरी'त आहे.

तुमचा ड्रायर घुमतोय पण फिरत नाही, असं झालं तर नव्या मोटरचे पैसे काढण्याआधी मेकॅनिकला ब्रेकची तार आणि मोटरला सुरुवातीचा धक्का देणारा कपॅसिटर तेवढा बघायला सांगा.