रेषेचे समीकरण : एक बिंदू व चढ

रेषेचे समीकरण मांडण्यास दोनच गोष्टी पुरेशा होतात : रेषेवरील एक ज्ञात बिंदू व त्या रेषेचा चढ. सूत्र घोकण्यापूर्वी त्यातील अर्थ विद्यार्थ्यांच्या मनात ठसला पाहिजे. स्थानिक वेळेच्या उदाहरणाने हे सहज साधते.

पृथ्वी ३६० अंशांची एक फेरी २४ तासांत, म्हणजे १४४० मिनिटांत, पुरी करते. म्हणून रेखांशात एका अंशाचा फरक पडला की स्थानिक वेळेत ४ मिनिटांचा फरक पडतो. पूर्वेस वेळ पुढे, पश्चिमेस मागे. रेखांशास क्ष व मध्यरात्रीपासूनच्या मिनिटांस य मानल्यास या रेषेचा चढ ४ होय. भारताची प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून धरली जाते. ही रेषा मिर्झापूरजवळून जाते. घड्याळात दुपारचे बारा वाजले, की तेथे स्थानिक वेळही ७२० मिनिटे असते. (८२.५, ७२०) हा झाला ज्ञात बिंदू.

चढ म्हणजे य मधील फरकास क्ष मधील फरकाने भागून येणारी संख्या. म्हणून,

य − ७२० = ४ (क्ष − ८२.५)

सामान्यतः, ज्ञात बिंदू (अ, ब) व चढ च असल्यास,

य − ब = च (क्ष − अ)

हेच समीकरणाचे बिंदु-चढ रूप. उभ्या रेषेचा चढ सांगता येत नाही; तिला हे रूप लागू पडत नाही.

मालवणचा रेखांश सुमारे ७३.५ अंश आहे. य − ७२० = ४ × (−९) = −३६; म्हणून य = ६८४. म्हणजे घड्याळात बारा वाजले असता मालवणची स्थानिक वेळ ११ वाजून २४ मिनिटे असते. येथे ऋणचिन्ह गाळल्यास मालवण मिर्झापूरच्या पूर्वेस जाऊन बसेल, हे विद्यार्थ्यांच्या ध्यानी आणून द्यावे. क्ष = ० घेतल्यास य = ३९० येतो; ग्रीनिचला त्या वेळी सकाळचे साडेसहा वाजलेले असतात.

या उत्तराचा पडताळा अंगणातच घेता येतो. डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात सपाट जागी काठी सरळ उभी रोवावी व दर चार मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करावी. सर्वांत आखूड सावली बाराला न पडता सुमारे १२ वाजून ३६ मिनिटांनी पडते. इतर महिन्यांत ही वेळ पंधरा-सोळा मिनिटांपर्यंत मागेपुढे सरकते, म्हणून प्रयोगासाठी हाच आठवडा निवडावा.