रंगीत चित्रात कडा कुठे असते?

मागच्या व्याख्यानात आपण राखाडी चित्रातली कडा बघितली. तिथं प्रत्येक पिक्सेलला एकच आकडा असतो, 0 ते 255. अलीकडे 40, पलीकडे 200, की मध्ये कडा आहे. आणि आकार म्हणजे शेवटी अशा कडांची साखळीच.

रंगीत चित्रात मात्र लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे येतात. मग काय करायचं? पुष्कळजण आधी चित्र राखाडी करून टाकतात. नेहमीचं सूत्र आहे: लाल गुणिले 0.299, हिरवा गुणिले 0.587, निळा गुणिले 0.114, आणि बेरीज. आता समजा, कॅमेऱ्यानं झाडावरचे पिकलेले टोमॅटो मोजायचेत. टोमॅटोचा रंग (255, 0, 0), पानाचा (0, 130, 0). करून बघा. दोन्हीकडे उत्तर 76! टोमॅटो गायब. (शिनोबु इशिहारांच्या रंगांधळेपणा तपासणाऱ्या 1917 च्या तक्त्यांत हीच गोष्ट मुद्दाम केलेली आहे: अंक उजेडात नाही, फक्त रंगात.)

बरं, मग तिन्ही रंगांतले फरक वेगवेगळे काढून बेरीज करू? तीही फसते. (200, 50, 0) वरून (50, 200, 0) वर जाताना लाल 150 नं उतरतो, हिरवा 150 नं चढतो. बेरीज शून्य.

1986 मध्ये सिल्व्हानो दि झेंझो यांनी प्रश्नच बदलला. कोणत्या दिशेनं सरकलो तर तिन्ही आकडे मिळून सर्वात जास्त बदलतात? इथं फरकांचे वर्ग मिळवायचे, म्हणजे चढ-उतार एकमेकांना खात नाहीत. आपल्या उदाहरणात 22500 अधिक 22500, वर्गमूळ सुमारे 212. चांगली ठसठशीत कडा! प्रत्येक पिक्सेलपाशी दोन बाय दोनचं एक छोटं मॅट्रिक्स तयार होतं. त्यातून सर्वात मोठा बदल आणि त्याची दिशा मिळते. त्याला काटकोनातला बदलही मोठा निघाला, तर तिथं बहुधा कोपरा आहे.

याची किंमत एकच. कडेची रेघ कळते, पण 'वर' कुठली बाजू ते कळत नाही. राखाडीत काळ्याकडून पांढऱ्याकडे असं म्हणता येतं. लाल मोठा की हिरवा? रंगांना असा क्रमच नाही.

आणखी एक, व्यवहारातलं. जेपेग फाइलमध्ये उजेड प्रत्येक पिक्सेलचा ठेवतात, पण रंगाची माहिती बऱ्याचदा चार पिक्सेलांत मिळून एकच. आपल्या टोमॅटोची कडा तर नेमकी रंगातच आहे, म्हणजे ती आधीच पुसट झालेली असते. म्हणून फळाचा व्यास मोजणार असाल, तर फोटो कुठल्या फाइलमधून आला ते आधी विचारा.