सर, याला मराठीत काय म्हणतात?

पैठणच्या एका राजाची फजिती अनेकांनी ऐकली असेल. सातवाहन राजा राण्यांसह जलक्रीडा करीत होता. पाण्याच्या माऱ्याने दमलेल्या एका राणीने संस्कृतात विनवले. तिच्या वाक्यातला पहिला शब्द होता ‘मोदकैः’. तिला म्हणायचे होते ‘मा उदकैः’, म्हणजे पाणी मारू नका. राजाला संधी सोडवता आला नाही. त्याने ताबडतोब मोदक मागवले! राणी हसली आणि राजाने शरमेने अंथरूण धरले. मग त्याला व्याकरण शिकवण्याची पैज लागली. गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षे लागतील. शर्ववर्मा म्हणाला, सहा महिने पुरेत. पैज शर्ववर्म्याने जिंकली आणि हरलेल्या गुणाढ्याने संस्कृत, प्राकृत व देशी अशा तिन्ही भाषा सोडल्या. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने रचलेल्या ‘कथासरित्सागरा’त ही कथा आहे.

कथा खरी की खोटी, हा प्रश्न पंडितांचा. तिच्यातली शरम मात्र खरी आहे. ती मी याच गावात, इंग्रजीच्या तासाला, दहावीच्या मुलांच्या चेहऱ्यावर वर्षानुवर्षे पाहिली आहे. आणि ती आणण्यात माझाही हात होता.

आमची शाळा मराठी माध्यमाची. इंग्रजी कवितेच्या रसग्रहणात ‘फिगर्स ऑफ स्पीच’ ओळखाव्या लागतात. सिमिली, मेटॅफर, पर्सॉनिफिकेशन, अलिटरेशन, ओनोमॅटोपिया! मुले प्रत्येक शब्दाखाली देवनागरीत उच्चार लिहीत आणि व्याख्या घोकत. परीक्षेसाठी मीच एक गुरुकिल्ली दिली होती : ‘लाइक’ किंवा ‘ॲज’ दिसले की सिमिली लिहून मोकळे व्हा. एका मुलाने ‘आय लाइक मँगोज’ या वाक्यातही सिमिली शोधून काढली. वर्ग हसला, मीही हसलो. पण त्याचे काय चुकले होते? सरांनी दिलेला नियम त्याने तंतोतंत पाळला होता. अपॉस्ट्रॉफीची तीच गत. व्याकरणात ते अक्षराच्या डोक्यावरचे स्वल्पविरामासारखे चिन्ह. काव्यात मात्र समोर नसलेल्या माणसाला किंवा निर्जीव वस्तूला मारलेली हाक. मुले कवितेत ते चिन्ह शोधत बसत.

असेच एकदा मी फळ्यावर मेटॅफरची व्याख्या लिहीत होतो. मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. “सर, याला मराठीत काय म्हणतात?” मी वळूनही न पाहता म्हणालो, “इंग्रजीच्या तासाला मराठी नको.” त्यानंतर वर्षभर तिने हात वर केला नाही.

मला जाग आली ती नाथषष्ठीला. फाल्गुन वद्य षष्ठीच्या यात्रेत गाव दिंड्यांनी फुलून जाते. वाळवंटात एक भारूडकार नाथांचे ‘विंचू चावला’ रंगवत होता. त्याची तडफड पाहून माणसे पोट धरधरून हसत होती. मग त्याने सूर बदलला आणि हा विंचू म्हणजे काम-क्रोधाचा, असे उलगडून सांगितले. शेजारची एक म्हातारी हलकेच मान डोलावत होती. तिला शाळेचे तोंडही ठाऊक नसावे. पण रूपक तिला कळले होते, आणि चांगलेच लागलेही होते. त्या गर्दीत माझ्या वर्गातली कितीतरी मुले बसली होती. ज्यांना मेटॅफर कळत नाही, असा शेरा मी मारत होतो, तीच ही मुले!

परक्या शब्दांशी वैर धरावे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. नाथांनीही ते धरले नाही. त्यांच्या ‘अर्जदस्त’मध्ये त्या काळच्या कचेऱ्यांतली फारसी भाषा ठासून भरली आहे, पण ती आपल्याच माणसांना काही सांगण्यासाठी. पुढे निजामाच्या राजवटीत, म्हणजे १९४८ पर्यंत, मराठवाड्यातल्या मुलांना उर्दूतून शिकावे लागले. २००० सालापासून राज्यात इंग्रजी पहिलीपासून आली. भाषा बदलल्या, मोठ्या शब्दापुढे मान खाली घालण्याची आमची सवय बदलली नाही.

वास्तविक मान खाली घालण्याचे कारण काय? सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’त गोदाकाठच्या साध्या माणसांचे जगणे माहाराष्ट्री प्राकृतात आले आहे. नवव्या शतकात आनंदवर्धनाने ध्वनीचा सिद्धांत मांडला, तेव्हा उदाहरणांसाठी त्याला अशा प्राकृत गाथांकडे यावेसे वाटले. आधी कविता होती. तिच्यातल्या गुणाला नाव मागाहून मिळाले. आम्ही मुलांना नाव आधी देतो आणि कविता जमल्यास मागाहून.

पुढच्या वर्षी मी क्रम उलटा केला. फळा कोरा ठेवून मुलांना म्हणालो, ऐकू येणारे शब्द सांगा. खळखळ, कडकड, किणकिण आले. एक मुलगा म्हणाला, “मागाची खटखट.” त्याचे वडील पैठणी विणत. दुसऱ्याने नाथसागराचे दरवाजे उघडल्यावरची घों घों सांगितली. फळा भरल्यावर वरती मी तो लांबलचक शब्द लिहिला : ओनोमॅटोपिया. त्या दिवशी कोणी त्याला भ्यायले नाही. उपमा, रूपक, अनुप्रास, चेतनगुणोक्ती यांच्या जोड्या तर मुलांनीच लावल्या. उत्प्रेक्षेशी गाडी अडली, कारण तिला इंग्रजीच्या पुस्तकात वेगळे घर नाही. ‘लोनलीनेस’ आणि ‘सॉलिट्यूड’ यांतला फरक व्याख्येने कळत नव्हता. एकटेपणा आणि एकांत म्हटल्यावर लगेच कळला. या पद्धतीला वेळ लागतो, हे कबूल. गुणाढ्याची सहा वर्षे लागतात. शर्ववर्म्याच्या सहा महिन्यांत ते होत नाही.

ती मुलगी मात्र तोवर शाळा सोडून गेली होती. तिचा प्रश्न पुढे मी निवृत्त होईपर्यंत दरवर्षी पहिल्याच तासाला स्वतःहून विचारत आलो. तिला उत्तर द्यायचे तेवढे राहून गेले. मेटॅफरला मराठीत रूपक म्हणतात, बाळ. एवढेच तर सांगायचे होते.