गळका जॅक आणि डिनचे आकडे

चाकांवरचा, लांब दांड्याचा हायड्रॉलिक जॅक जर्मनीत तीस-चाळीस वर्षं जुना झाला म्हणजे भंगारात जातोच असं नाही. हौशी लोक तो घरच्या गॅरेजमध्ये उघडतात, सील बदलतात, नवं तेल भरतात आणि तो पुन्हा गाडी उचलू लागतो. याचं श्रेय आपल्याकडे लगेच जर्मन काटेकोरपणाला, नाहीतर जर्मन पोलादाला दिलं जातं. पोलाद चांगलं असेलही. पण जॅक सहसा पोलादामुळे बंद पडत नाही. तो बंद पडतो काही ग्रॅम रबरामुळे, आणि पुन्हा सुरू होतो त्या रबराचं माप कुणा एका कंपनीच्या मालकीचं नसल्यामुळे. घरगुती दुरुस्तीचं खरं भांडवल हातातल्या कसबाइतकंच, किंबहुना जास्तच, मापांच्या छापील तक्त्यांत आहे.

यंत्र तसं सरळ. दांडा मारला की बारीक पंप थोडं तेल मोठ्या सिलिंडरमध्ये ढकलतो. पंपाचा पिस्टन १० मिलिमीटर आणि मुख्य पिस्टन ४० मिलिमीटर व्यासाचा धरला, तर क्षेत्रफळ सोळापट आणि म्हणून जोरही सोळापट. दांड्याच्या लांबीचा फायदा वेगळाच. गेलेलं तेल मागे फिरू नये म्हणून वाटेत पोलादी छर्रे असतात. १७९५ साली जोसेफ ब्रामाने इंग्लंडमध्ये हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं तेव्हाही खरी अडचण गळतीचीच होती. तिच्यावरच्या चामडी वाटीच्या तोडग्याचं श्रेय सहसा त्याच्या कारखान्यातल्या हेन्री मॉडस्लीला देतात: दाब वाढेल तशी वाटीची कड भिंतीला जास्त घट्ट बसते. आजचं सील हेच करतं, फक्त चामडं जाऊन रबर आलं. तेलाला दाद न देणारं नायट्राइल रबर १९३०च्या सुमारास लेव्हरकुझेनमध्ये आय. जी. फार्बेनच्या एरिश कोनराड आणि एडुआर्ड चुंकूर यांनी तयार केलं. मापांचं काम त्याआधीच सुरू झालं होतं. आज डिन म्हणून ओळखली जाणारी जर्मन मानक संस्था १९१७ साली, ऐन महायुद्धात, बर्लिनमध्ये स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिचं पहिलं मानक निघालं, तेही निमुळत्या पिनेचं. घरगुती दुरुस्ती त्या लोकांच्या स्वप्नातही नसणार. तरी आज छर्रा डिन ५४०१चा, तांब्याचा वॉशर डिन ७६०३चा आणि तेल डिन ५१५२४चं मागता येतं. जॅक बनवणारी कंपनी कधीच बुडाली असली तरी. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी सांगून सील मिळतं, ते याच व्यवस्थेच्या जोरावर.

प्रत्यक्ष कामात निदान महत्त्वाचं. जमिनीवर तेल दिसलं तर संशय पिस्टनच्या सीलवर. तेल बाहेर नाही, पण उचललेला जॅक हळूहळू बसतो, तर दाब सोडणारा व्हॉल्व्ह किंवा छर्‍याची बैठक बघायची. दांडा मारूनही वर येत नसेल तर पुष्कळदा तेल कमी असतं किंवा आत हवा अडकलेली असते, आणि जॅक उघडायचीही गरज नसते. उघडायचाच झाला तर आधी ताणलेल्या स्प्रिंगा सांभाळून काढायच्या आणि कुठला छर्रा कुठून निघाला ते लिहून ठेवायचं, कारण ते टपटप पडतात आणि मापांत थोडाच फरक असतो. तेलाऐवजी ब्रेक फ्लुइड भरण्याचा मोह टाळावा: ग्लायकॉलवर बनलेल्या त्या द्रवाने नायट्राइल रबर फुगतं आणि नवं सीलही वाया जातं.

यावर पहिला आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो गंभीर आहे. दीड-दोन टनांची गाडी घरी जोडलेल्या जॅकवर कशी सोपवायची? उत्तर असं की ती नव्या जॅकवरही सोपवायची नसते. जॅक उचलण्यासाठी असतो. गाडीखाली शिरण्याआधी ती लोखंडी घोड्यांवर (जॅक-स्टँडवर) टेकवायचीच. झिजलेलं सील बहुधा हळूहळू दगा देतं. जास्त धोका असतो तो तडा गेलेल्या वेल्डिंगचा आणि जास्त भार पडला की दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा स्क्रू कुणी पिळून ठेवल्याचा. तो स्क्रू कारखान्यात लावलेला असतो, त्याला हात लावायचा नाही. तडा दिसला तर दुरुस्तीचा विषयच संपला. जर्मन नियमांनीही इथे रेषा ओढली आहे. नोकरीच्या ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या जॅकची वर्षातून किमान एकदा जाणकाराकडून तपासणी लागते, डीजीयूव्ही या जर्मन अपघात विमा संघटनेच्या ५४ क्रमांकाच्या नियमानुसार. घरच्या जॅकवर ही सक्ती नाही. म्हणून ती तपासणी मालकाने स्वतःच करायची. सक्ती नाही म्हणजे गरज नाही असा अर्थ काढणं वेडेपणाचं.

दुसरा आक्षेप पैशांचा: सुपरमार्केटच्या सवलतीत नवा जॅक स्वस्त मिळत असताना शनिवार कशाला घालवायचा? वेळेचा हिशेब मांडला तर हा आक्षेप बरोबर आहे, आणि तो खोडायची गरज मला वाटत नाही. पण स्वस्त जॅकमध्येही तसलेच ओ-रिंग, म्हणजे रबरी सील, असतात, फक्त त्यांची मापं कुठे छापलेली नसतात, आणि सिलिंडर सोयीने उघडेल असा बनवलेलाही नसतो. कायद्याचीही इथे मदत नाही: युरोपीय संघाचा दुरुस्तीच्या हक्काचा २०२४चा निर्देश वॉशिंग मशीन, फ्रिज, मोबाइल यांच्यासाठी आहे. त्याच्या यादीत वेल्डिंगची यंत्रंसुद्धा आहेत, जॅक नाही. जुन्या जॅकला त्याची उणीव भासत नाही. नव्याला भासेल, आणि तिथेही सुट्या भागांच्या पुरवठ्याच्या सक्तीपेक्षा सीलच्या मापांचं एक पान जास्त उपयोगाचं ठरेल.

मापांच्या तक्त्याचीही हद्द आहे. पिस्टनच्या क्रोमवर गंजाचे खड्डे पडले असतील तर ते नव्या सीलची कड थोड्या दिवसांत कुरतडतात. बारीक ओरखडा घासून जातो, खड्डा जात नाही. त्यावर कठीण क्रोमचा नवा थर लागतो. हे काम घरी होत नाही. त्यासाठी लागणारं क्रोमियम ट्रायऑक्साइड कर्करोगकारक असल्याने युरोपात २०१७पासून खास परवानगीशिवाय वापरता येत नाही. दुसरा मार्ग म्हणजे कठीण क्रोम केलेला तयार दांडा प्रमाण व्यासात विकत घेऊन लेथवर कापून घेणं. जुन्या जॅकचा पिस्टन इंचात असेल, तर तोही अवघड.