फौजींची पिवळी फळी

पहाटे 5.15
जानेवारीची थंडी. मलकापूर रस्त्याच्या कडेनं आठ-दहा पोरं पळताहेत. 1.6 किलोमीटर, 7 मिनिटांत. वायुदलाच्या अग्निवीर भरतीला एवढं जमावं लागतं. सगळ्यांत पुढे आहे तो दिवसा फौजींच्या दुकानात राबतो. रोज 400 रुपये.

8.30
शटर वर जातं. मोताळ्यातलं हे पाणबुडी मोटारी दुरुस्त करायचं दुकान. फौजी वायुदलात 20 वर्षं फिटर होते, त्यातली बरीचशी मिग-21 वर. भिंतीवर लाकडी फळी आहे. प्रत्येक पान्याची आकृती तिच्यावर पिवळ्या रंगात काढलेली. पाना उचलला की पिवळं दिसतं. ही हँगरमधली सवय. तिथं एक पाना कमी भरला, तर तो सापडेपर्यंत विमान उडत नसे.

9.10
नळगंगेच्या काठचा एक शेतकरी पाच एचपीची मोटार घेऊन येतो. जळालीय.
“फौजी, संध्याकाळपावतर देजो. गव्हाले पानी द्याचं हाये, रातची लाईन हाये.”
4200 रुपये ठरतात. 2000 आत्ता, बाकीचे गहू निघाल्यावर. फौजी वहीत मांडतात.

10.00
मोटार उघडते. जळक्या प्लास्टिकचा वास दुकानभर. पोरगा छिन्नीनं जुनी तार तोडतो, पकडीनं ओढून काढतो. बोटं चरचरतात. फौजी फेरे मोजतात, खडूनं फरशीवर लिहितात, पुन्हा मोजतात. एक फेरा चुकला की मोटार तापणार. स्टेटर घासून कोरा होईपर्यंत दीड वाजतो.

1.30
ज्वारीची भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी. पोरगा मिगबद्दल विचारतो. 1963 साली आलेलं विमान 26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला निवृत्त झालं. फौजींनी तो सोहळा मोबाईलवर पाहिला. उतरताना मागून छत्री उघडायची, धावपट्टीवर पडायची. ती गोळा करून आणायची, पुन्हा घडी घालायची. सकाळी सगळ्यांनी ओळीनं चालत धावपट्टीजवळचे खडे वेचायचे. इंजिनानं एक खडा ओढला तरी घात. अपघात झाले, पायलट गेले. तिथं फौजी थांबतात. भाकरीचा तुकडा हातातच राहतो.

2.15
नवी तार भरायला घेतात. प्लास्टिकचं आवरण असलेली, म्हणून वार्निश लागत नाही. खाचेतून तार ओढताना फौजींचा अंगठा आणि तर्जनी एका लयीत चालतात. बोलणंही चालू. मिग बांधायला नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना निघाला, 1964 साली. मग तिथंच मिग-27, पुढे सुखोई-30. आणि 17 ऑक्टोबर 2025 ला तिथून तेजस मार्क-1ए उडालं. मिगचा पत्रा रिव्हेटनं ठोकलेला असे. तेजसचं बाहेरचं अंग बहुतेक कार्बनच्या संमिश्र धाग्यांचं. त्याच्या दुरुस्तीचं काम वेगळं, हत्यारं वेगळी. बिघाड शोधायला आता संगणक आहे; खराब डबा काढायचा, नवा बसवायचा.
“आम्ही आवाजावरून इंजिन ओळखायचो. पण मिग हातात बसायला मला पाच वर्षं लागली.”
पोरगा काही बोलत नाही. अग्निवीराची नोकरी चार वर्षांची. त्यानंतर शंभरातले जास्तीत जास्त पंचवीस पुढे राहतात. मला हा हिशेब पटत नाही. हात तयार होतो न होतो, तोच पोरगा घरी.

6.10
तारेचं आवरण धड आहे का ते तपासायला मेगर लावतात. काटा ठीक. पिंपात बुडवून मोटार चालवतात. शेतकरी ती दुचाकीवर आडवी बांधून नेतो.

7.00
पाने मोजायचे. तेरा नंबरची जागा पिवळी दिसते. दोघं गुडघ्यावर बसून शोधतात. पाना तारेच्या कचऱ्यात निघतो. मगच शटर.

9.30
पोरगा मोबाईलवर अग्निवीर वायूचा अर्ज भरतो. फोटो, सही, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका. शेवटी फी : 550 रुपये, वर जीएसटी. 649 होतात. दीड दिवसाच्या मजुरीहून जास्त.