लाकूड तेल पीत नाही

दाराच्या चौकटीपासून ठासणीच्या बंदुकीच्या दस्त्यापर्यंत नांदेड-लातूरकडे एकच सल्ला मिळतो: तेल पाजा, शंभर वर्षं टिकेल. कोणतं तेल, हे मात्र कुणी विचारत नाही. घरात असेल ते, शेंगदाण्याचं नाहीतर तिळाचं, चोळून मोकळं व्हायचं. कापलेल्या लाकडाला तहान नसते, एवढं तरी मान्य करू. लावलेलं तेल हवेतला ऑक्सिजन शोषून घट्ट होत असेल, तरच त्याचा उपयोग. पाणी उडून वाळतं, तेलाचं तसं नाही. जवसाचं तेल वाळताना ऑक्सिजन घेतं, म्हणून सुरुवातीला त्याचं वजन वाढतं. ही क्षमता कोणत्या तेलात किती, हे आयोडीन मूल्यावरून कळतं आणि ते शोधायला प्रयोगशाळा लागत नाही. अन्नसुरक्षेच्या 2011 च्या नियमांतच आकडे आहेत: खोबरेल 7.5 ते 10, शेंगदाणा 85 ते 99, तीळ 105 ते 115, करडई 135 ते 148, जवस किमान 170. ढोबळमानाने 130 च्या खालचं तेल नीट वाळत नाही. ते चिकट राहतं, धूळ धरतं आणि खवट होतं. मराठवाड्यात जवस पिकतो, लातूरच्या गळीतधान्य संशोधन केंद्राने त्याचं वाणही दिलं आहे, तरी दस्त्याला शेंगतेल फासायचं म्हणजे कमाल आहे. करडईचं तेलही चालतं, पण सावकाश. जास्त ओलेइक आम्लाच्या नव्या वाणांचं असेल तर तेही नाही.

यावर ठरलेला आक्षेप येतो: आमच्या वाड्याची दारं तिळाच्या तेलावरच टिकली. टिकली, कारण ती सागाची होती. किनवट-माहूरच्या जंगलातला साग असो की बाहेरून आणलेला, त्याच्या गाभ्यात वाळवी आणि बुरशीला न मानवणारी द्रव्यं मुळातच असतात. तेलाला त्याचं श्रेय देण्याचं कारण नाही. तेलाचीच करामत असती, तर त्याच सागाच्या कडेचं फिकट लाकूडही वाचलं असतं. ते वाळवी आधी खाते. शिवाय आज दिसतात ती टिकलेली दारं. जी तेल लावूनही कुजली, ती कधीच चुलीत गेली.

मग जवसाचं तेल लावलं की लाकूड पावसाळ्यात फुगत नाही का? फुगतं. अमेरिकेच्या वन विभागाच्या मॅडिसन इथल्या प्रयोगशाळेने वेगवेगळी लेपनं दमट हवेत तपासली, तेव्हा हवेतली ओल अडवण्यात जवसाचं तेल अगदीच तळाशी आलं. अंगावर पडलेले थेंब ते काही काळ थोपवतं, हाताला छान लागतं, ओरखडा पडला तर पुन्हा चोळता येतं. दस्त्यासाठी हे गुण कमी नाहीत, पण त्याला जलरोधक म्हणू नये. ओल जास्त अडवायची असेल तर वर व्हार्निशचे थर चढवावे लागतात.

उरलेले गैरसमज थोडक्यात. दुकानातलं 'बॉइल्ड' जवस तेल म्हणजे नुसतं उकळलेलं नव्हे. त्यात लवकर वाळण्यासाठी कोबाल्ट-मँगनीजसारख्या धातूंचे क्षार घातलेले असतात, त्यामुळे चुलीवर कढवून तसं होत नाही, आगीचा धोका तेवढा वाढतो. जाड थर लावला की काम लवकर होतं, हेही खोटं: जाड थराला वर साय धरते आणि आत तेल ओलंच राहतं. पातळ लावावं, काही मिनिटांनी पुसून काढावं, वाळल्यावर दुसरा हात. दस्त्याचा विषय निघालाच आहे तर, ठासणीची म्हणून बंदुकीला परवाना लागत नाही, हा समज तर थेट तुरुंगाकडे नेणारा. 1959 च्या शस्त्र अधिनियमात चालू स्थितीतल्या ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो आणि अमेरिकेत सुटे भाग आणून घरी बंदूक जोडतात तशी जोडणी इथे विनापरवाना शस्त्रनिर्मिती ठरते. आणि तेल पुसलेल्या चिंध्या कोपऱ्यात गोळा करून ठेवल्या तर काय होणार, असं म्हणणाऱ्यांसाठी: वाळताना तेल उष्णता सोडतं, ढिगात ती कोंडते आणि चिंध्या काडी न लावता पेटतात. मे महिन्याच्या लातुरात तर त्यांना तापायला आणखी मदत मिळते. त्या मोकळ्या जागी एकेक सुटी पसरून पूर्ण कडक होऊ द्याव्यात, नाहीतर पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावावं.